पहिला नंबर लागलेली बाई पळून का जात नाही?

बँकेत पन्नास हजारांचं कर्ज मागायला जा. पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पॅन, आधार, कधी एखादा जामीनदार आणि चार ठिकाणी सह्या, एवढं सगळं लागतं. एवढं करूनही कर्जं बुडतातच. आणि त्याच बँकेच्या मागच्या गल्लीत, एखाद्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, बारा बायका दर महिन्याला दोन-दोन हजार रुपये काढतात, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात, घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलायला लावतात आणि जिचं नाव निघेल तिच्या हातात चोवीस हजार ठेवून चहा पितात. सही नाही, तारण नाही. फार तर एका दोनशे पानी वहीत बारा नावं आणि त्यापुढे बरोबरच्या खुणा.

भिशी आपल्या इतक्या सवयीची आहे की तिच्यातलं नवल दिसेनासं झालं आहे. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिने स्वतःचे फक्त दोन हजार घातले आहेत. बाकीचे बावीस हजार इतर अकरा जणींचे. म्हणजे तिला बिनव्याजी, बिनतारण, बिनकागदाचं कर्ज मिळालं. पुढच्या महिन्यापासून तिने हप्ताच दिला नाही तर? कोर्टात दाखवायला कुणाकडे काही नाही. तरीही पुढचे अकरा महिने ती पैसे आणून देते, आणि एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर आधी फोन करून सांगते.

‘माणसं मुळात चांगली असतात’ हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण पुरत नाही. अशीच चांगली माणसं क्रेडिट कार्डाची बिलं थकवतात आणि पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला बघून मागच्या दाराने जातात. मग भिशीतच ती सरळ का वागतात? इथे समाजशास्त्र कामाला येतं. आपल्याकडे अकरावीला कला शाखेत घ्यायचा ‘सोपा’ विषय म्हणून ते ओळखलं जातं. मुंबई विद्यापीठात १९१९ सालापासून त्याचा स्वतंत्र विभाग आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. या शास्त्राचा मूळ हट्ट साधा आहे. माणसाच्या वागण्याचं कारण शोधताना त्याच्या मनात डोकावण्याआधी तो कुणाकुणाशी कसा बांधलेला आहे ते बघायचं. भिशी हे त्याचं हाताशी असलेलं उत्तम उदाहरण आहे.

आधी हिशेब

समजा बारा जणींना प्रत्येकी चोवीस हजारांचं वॉशिंग मशीन घ्यायचं आहे आणि प्रत्येकीकडे महिन्याला दोन हजारच शिल्लक पडतात. प्रत्येकीने आपापल्या घरी साठवलं तर सगळ्यांच्या घरी मशीन येईल बाराव्या महिन्यात. तेच पैसे एकत्र केले तर पहिलं मशीन पहिल्याच महिन्यात येतं, दुसरं दुसऱ्या महिन्यात, आणि असं करत शेवटचं बाराव्या महिन्यात. सरासरी वाट पाहावी लागते साडेसहा महिने. शेवटची बाई जेवढी एकटीने थांबली असती तेवढीच थांबली. बाकी अकरा जणींचा फायदा झाला. बाहेरून एक रुपयाही आला नाही. टिमोथी बेस्ली, स्टीव्हन कोट आणि ग्लेन लाउरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली हेच गणित रीतसर मांडून दाखवलं.

पण हिशेब एवढ्यावर थांबत नाही. शेवटच्या बाईने हेच दोन हजार बँकेच्या आरडीत साडेसहा टक्क्यांनी टाकले असते तर वर्षाकाठी सात-आठशे रुपये व्याज मिळालं असतं. भिशीत तेही नाही, आणि वर वर्षभरातली महागाई तिच्याच माथी. शुद्ध नफा-तोट्याने पाहिलं तर शेवटचा नंबर म्हणजे घाटा. तरीही कित्येक भिशांमध्ये एखादी काकू स्वतःहून सांगते, “मला शेवटचा द्या, दिवाळीला उपयोगी पडेल.” तिला गणित येत नाही असं नाही. तिला दुसरं काहीतरी हवं आहे.

“पैसे भिशीत अडकलेत”

घरातले पैसे घरात राहत नाहीत. दिराला गाडीच्या हप्त्याला कमी पडले, नणदेच्या घरी बारसं आलं, नवऱ्याला मित्राला द्यायचे आहेत, मुलाची सहल आहे. यातल्या कुठल्याही मागणीला तोंडावर नाही म्हणणं सुनेला परवडत नाही, कारण ‘नाही’चा अर्थ ‘पैसे आहेत पण देत नाही’ असा होतो. भिशी तिला एक मानाचं कारण देते. “द्यायला काही नाही हो, पण पैसे भिशीत अडकलेत.” यावर कुणाला रागावता येत नाही. पैसे तिच्याकडे नाहीतच आणि हप्ता चुकवला तर घराचीच अब्रू जाईल, हे सासूलाही पटतं.

सिवान अँडरसन आणि ज्याँ-मारी बालाँ या अभ्यासकांनी नैरोबीतल्या किबेरा झोपडवस्तीत अशाच मंडळांचा अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष छापले. सभासदांत बायकांचा भरणा प्रचंड होता, आणि कमावत्या विवाहित बायका त्यात का जातात याचं त्यांनी दिलेलं कारण आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत पटेल: नवऱ्याच्या हाती लागण्याआधी पैसे बाहेर काढून ठेवायला. म्हणजे भिशी ही बचतीइतकीच घरातल्या सत्तेचीही गोष्ट आहे. पुरुष मंडळी चहा-पोह्यांवरून थट्टा करत भिशीला ‘बायकांचा टाइमपास’ म्हणतात, तेव्हा या बाजूकडे त्यांचं लक्ष गेलेलं नसतं किंवा ते देण्यात त्यांना रस नसतो.

करारामागचा करार

आता मूळ कोड्याकडे. समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सचे एमिल दुर्खिम, यांनी १८९३ सालच्या श्रमविभागणीवरच्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला होता. प्रत्येक कराराच्या पोटात करारात न लिहिलेलं बरंच काही असतं. शब्द पाळायचा असतो, फसवणूक वाईट, दिलेलं परत करायचं, ही समजूत आधी असते; कागद नंतर येतो. कागदाने विश्वास निर्माण होत नाही, असलेल्या विश्वासावर तो उभा राहतो. भिशीने कागद काढून टाकला आणि खालचा पाया उघडा पडला, इतकंच.

हा पाया बनतो कशाचा? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८८ साली न्यूयॉर्कच्या घाऊक हिरेबाजाराचं उदाहरण दिलं होतं. तिथला एक व्यापारी दुसऱ्याला हजारो डॉलरच्या हिऱ्यांची पिशवी ‘घरी निवांत बघ’ म्हणून देतो, पावती घेत नाही. एखादा चांगला खडा बदलून हलका टाकणं अवघड नाही, पण तसं घडत नाही. कारण हे व्यापारी एकाच समाजातले, एकाच वस्तीत राहणारे, एकमेकांत लग्नं केलेले आणि एकाच प्रार्थनास्थळी जाणारे असतात. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. अशा नात्यांतून माणसाला जे बळ मिळतं त्याला कोलमन ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. ते कुणा एकाच्या खिशात नसतं, माणसांच्या मधल्या जागेत असतं.

कोलमन यांच्या मांडणीतला माझ्या मते सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे ‘मिटलेलं जाळं’. मी तुम्हाला ओळखतो आणि तुम्ही तिसऱ्याला ओळखता एवढं पुरत नाही. तो तिसराही मला ओळखत असला पाहिजे. तसं झालं तरच तुम्ही त्याला फसवल्याची बातमी माझ्यापर्यंत येते आणि मी तुम्हाला जाब विचारू शकतो. याला जोड द्यायची ती ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांच्या निरीक्षणाची. आफ्रिकेतल्या बारोत्से लोकांचे तंटे अभ्यासताना त्यांना दिसलं की लहान समाजात दोन माणसांत एकच एक नातं नसतं, एकावर एक अनेक नाती असतात. आपल्या भिशीतली बाई ही नुसती सभासद नसते. ती वरच्या मजल्यावरची शेजारीण असते, तिचा मुलगा आणि आपला मुलगा एका रिक्षाने शाळेत जातात, तिची जाऊ आपल्या ऑफिसात असते, हळदीकुंकवाला ती येते, आणि आपण गावी गेलो की घराची किल्ली तिच्याकडे असते.

बाजेच्या सुतळीसारखं हे आहे. एक पेड सोडवायला जावं तर तो दहा ठिकाणी आडव्या पेडांखालून गेलेला असतो, आणि ओढला की सगळी वीण ढिली पडते. भिशीचे बावीस हजार बुडवणाऱ्या बाईला बावीस हजारांचा फायदा आणि किल्ली ठेवायच्या घरापासून मुलाच्या रिक्षापर्यंत सगळ्याचा तोटा, असा तो सौदा आहे. तो कुणी करत नाही. तिचं मन निर्मळ असेलही, पण नसलं तरी ती हप्ता देईल. व्यवस्थेचं यश यातच आहे.

कुजबुज आणि नंबर

नियम मोडला तर शिक्षा काय? पोलिस नाहीत, दंड नाही. आहे ती कुजबुज. “अगं, ऐकलंस का, त्यांचा दोन महिने हप्ता नाही,” हे वाक्य जिन्यात उच्चारलं गेलं की शिक्षा सुरू झाली. ग्लकमन यांनीच १९६३ साली गावगप्पांवर एक गाजलेला निबंध लिहिला. गप्पा हा रिकामटेकडेपणा नाही, गट आपल्या मर्यादा त्यातूनच राखतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या गटात माणसं एकमेकांबद्दल बोलतच नाहीत, तिथे भिशी लावू नये.

अर्थात नुसत्या कुजबुजीवर कुणी चोवीस हजार टाकत नाही. भिशी चालवणारी बाई बरीच मुत्सद्दी असते. नव्या, न पारखलेल्या सभासदाला ती पहिले नंबर देत नाही. चिठ्ठ्या टाकायच्या असल्या तरी ‘नवीन लोकांच्या चिठ्ठ्या सहा महिन्यांनंतर’ असा नियम ठेवते. जी नवी बाई आणेल तिनेच तिची हमी घ्यायची. चालवणारीला पुष्कळदा पहिला नंबर मिळतो, तोच तिचा मेहनताना. बदल्यात कुणाचा हप्ता आला नाही तर खिशातून भरायचा आणि मग त्या घरी चहाला जायचं. कर्जाची छाननी, जामीनदार, जोखमीची तरतूद, वसुली, बँकेत ज्या कामांना चार खाती लागतात ती ही बाई एका वहीत करते.

चौकट : भिशीच्या तीन तऱ्हा

*चिठ्ठीची भिशी.* सगळे सारखी रक्कम भरतात, जमलेली सगळी रक्कम त्याच दिवशी एकाला मिळते. डब्यात काहीच उरत नाही.

*बोलीची भिशी.* ज्याला घाई आहे तो कमी रकमेवर तयार होतो. चोवीस हजारांऐवजी एकवीस हजार घेतले तर उरलेले तीन हजार बारा जणांत अडीचशे-अडीचशे वाटले जातात. हे अडीचशे म्हणजे थांबणाऱ्याचं व्याज. असे व्यवहार धंदा म्हणून चालवणाऱ्यांसाठी १९८२ चा चिट फंड कायदा आहे आणि त्यात नोंदणी सक्तीची आहे.

*साठवणीची भिशी.* पैसे वाटले जात नाहीत, जमत जातात. सभासदांना त्यातून व्याजाने दिले जातात आणि दिवाळीला मुद्दल-व्याज मिळून वाटप होतं. जोखीम सगळ्यात जास्त इथे, कारण रक्कम एका हाती साठते.

जावा ते जमैका

भिशी ही आपली खासियत आहे असं वाटत असेल तर तो अभिमान आवरता घ्यावा लागेल. इंडोनेशियात ‘अरिसान’, घानात ‘सुसू’, जमैकात ‘पार्डनर’, मेक्सिकोत ‘तांदा’, इथिओपियात ‘इक्कुब’, कोरियात ‘के’, नेपाळात ‘ढिकुटी’. नावं निराळी, डबा तोच. केरळात ‘चिट्टी’ इतकी रुजली की १९६९ साली राज्य सरकारनेच त्रिशूरमध्ये त्यासाठी कंपनी काढली, ती आजही चालू आहे. जपानमध्ये ‘मुजिन’ चालवणाऱ्या कंपन्यांचं १९५१ च्या कायद्याने बँकांत रूपांतर झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये गेलेल्या कॅरिबियन लोकांना बँका दारात उभं करत नव्हत्या. कित्येकांनी पहिल्या घराची अनामत ‘पार्डनर’मधून उभी केली.

यावर पहिला मोठा अभ्यासनिबंध अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली लिहिला. जावा बेटावरच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की पैसा ही अरिसानमधली दुय्यम गोष्ट, खरी गोष्ट म्हणजे एकत्र येणं, सलोखा. गीर्ट्झ यांनी हे नोंदवलं, पण भाकीत वेगळं केलं. खेड्यातला माणूस बाजारी अर्थव्यवहाराकडे जाताना मध्ये लागणारी ही पायरी आहे, बँका आल्या की आपोआप सुटेल, असं त्यांना वाटलं. मानवशास्त्रज्ञ शर्ली आर्डनर यांनी दोनच वर्षांनी जगभरच्या नोंदी गोळा करून याबद्दल शंका घेतली. आज साठ वर्षांनंतर आर्डनर यांचं पारडं जड आहे. आपल्याकडे २०१४ पासून जनधन खाती निघाली, फोनवरून पैसे जाऊ लागले. भिशी संपली नाही, तिचे हप्ते यूपीआयने यायला लागले. जावातल्या लोकांनी जे तोंडाने सांगितलं होतं त्यावर विश्वास ठेवला असता तर गीर्ट्झ चुकले नसते. महिन्यातून एकदा, घरच्यांना जाब न देता, दोन तास बाहेर पडण्याचं कारण कुठली बँक देणार?

दाराबाहेरची माणसं

इथपर्यंत भिशीचं कौतुकच झालं. पण मिटलेलं जाळं म्हणजे बाहेरच्यांना बंद असलेलं जाळंही. सोसायटीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरू जोडप्याला भिशीत घेत नाहीत. घरकामाला येणाऱ्या मावशींना घेत नाहीत. त्यांची भिशी त्यांच्या वस्तीत, पाचशे रुपयांची. आडनाव वेगळं, धर्म वेगळा, तर बोलावणंच जात नाही, आणि कुणी वाईट हेतूने वगळलं असंही सिद्ध करता येत नाही. ‘ओळखीचे तेवढेच’ हा एकच निरागस नियम जात, वर्ग आणि धर्माच्या रेषा जशाच्या तशा गिरवतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी सामाजिक भांडवलाचा विचार याच अंगाने केला होता: ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच ते वाढतं. पाच हजारांच्या भिशीतून दुकान निघतं, पाचशेच्या भिशीतून पत्रे बदलले जातात. विश्वास दोन्हीकडे सारखाच असतो.

आतल्यांनाही किंमत मोजावी लागते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की, ज्याच्या ओळखीने नोकरी मिळाली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले अवघे १७ टक्के; बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. १९७३ साली छापलेल्या या निबंधाचा मुद्दा असा की, रोज भेटणाऱ्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. नवी बातमी दूरच्या ओळखीकडून येते. भिशी अडचणीला पैसे देईल, पण मुलाला पुण्याबाहेरची नोकरी मिळायला भिशीबाहेरची माणसं लागतील.

सरकारने आणि बँकांनी भिशीची ही वीण उचलून वापरली ती बचत गटांत. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तारणाच्या जागी गटाचा एकमेकींवरचा दाब आला. त्यातून खूप काही चांगलं झालं. मात्र तो दाब शेजारणींनी चहाला येण्याचा होता तोवर ठीक. वसुलीचा आकडा वरून ठरला की तोच दाब जाच होतो, हे सूक्ष्म-कर्ज कंपन्यांच्या काळात आपण पाहिलं आहे.

फुटते कशी?

भिशी बुडाल्याच्या बातम्या येतात तेव्हा लोक म्हणतात, माणसं बदलली. बहुतेक वेळा मांडणी बदललेली असते. बाराच्या जागी दीडशे सभासद झाले. ते एकमेकांना ओळखत नाहीत, फक्त चालवणाऱ्याला ओळखतात. म्हणजे जाळं मिटलेलं राहिलंच नाही, कुजबुज पोचायची वाटच बंद. त्यात पैसे त्याच दिवशी वाटायचे सोडून त्याच्याकडे साठू लागले आणि वर ‘दुप्पट करून देतो’ची भर पडली. पश्चिम बंगालमधला शारदा समूह २०१३ साली कोसळला तेव्हा सगळ्यांनी त्याला ‘चिट फंड’ म्हटलं. प्रत्यक्षात नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना देण्याचा तो खेळ होता. चिठ्ठीच्या भिशीचा डबा दर महिन्याला रिकामा होतो. चोरायला त्यात काही शिल्लकच राहत नाही, ही तिची सगळ्यात मोठी सुरक्षितता.

म्हणून नव्या भिशीचं बोलावणं आलं तर चालवणारी व्यक्ती किती गोड बोलते याकडे बघू नका. बाकीच्या सभासदांची घरं तुम्हाला माहीत आहेत का, जमलेले पैसे त्याच दिवशी वाटले जातात का, आणि वही कुणालाही उघडून बघता येते का, एवढं विचारा. यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर चहा प्या, पोहे खा आणि दोन हजार बँकेच्या आरडीत टाका.